ठाण्याच्या तळ्यांवरचा पॉडकास्ट: खर्च, वेळ आणि आवाजाच्या नोंदी

घरच्या घरी मराठी पॉडकास्ट करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवते आहे. मी नौपाड्यात राहते, दिवसभर नोकरी असते. सोबत माझा मावसभाऊ आहे, तो घोडबंदर रोडला राहतो. विषय ठाण्याचे तलाव. आज शहरात साधारण ३५ तलाव उरलेत आणि त्यांच्या काठी आयुष्य काढलेली माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. एका भागात एक तलाव आणि एक माणूस, एवढाच आराखडा. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात राहाव्यात, हा सगळा खटाटोप त्यासाठी. पैशांचा अंदाज आम्हाला सुरुवातीलाच बऱ्यापैकी आला होता. शांत जागा आणि संपादनाचा वेळ यांचा आला नव्हता, म्हणून नोंदीत जास्त जागा त्यांनाच मिळणार आहे.

१२ एप्रिल २०२५, शनिवार: माइक

ओळखीतल्याने वापरून बघायला दिलेला कंडेन्सर माइक आज परत केला. माइक उत्तम आहे, पण त्याला बंदिस्त स्टुडिओ हवा. आमच्या हॉलमध्ये त्याने माझ्या बोलण्यासोबत खालच्या रिक्षांचे हॉर्न, शेजारची कुकरची शिट्टी आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, सगळं टिपलं. ऐकताना घड्याळाकडेच लक्ष जात होतं.

त्याऐवजी डायनॅमिक माइक घेतला, यूएसबी आणि एक्सएलआर (ध्वनियंत्रांची तीन पिनांची) अशा दोन्ही जोडण्या असलेला. किंमत ६,२०० रुपये. हा जवळचं ऐकतो आणि लांबचं बरंचसं सोडून देतो. तोंडापासून चार बोटांवर धरला तर आवाज भरीव येतो, वीतभर लांब गेलात की लगेच पडतो. आपल्याकडच्या घरांसाठी हाच प्रकार योग्य, असं माझं मत झालंय. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले कार्पेट घातलेल्या शांत घरांतून आलेले असतात, ते वाचून कंडेन्सर घेऊ नका.

टेबलावरचा छोटा स्टँड ५५० रुपये. टेबलाला हात लागला की माइकमध्ये ठक्क आवाज येतो, म्हणून स्टँडखाली टॉवेलची चौपदरी घडी ठेवली. कान पूर्ण झाकणारे, वायरवाले हेडफोन १,९०० रुपये. ब्लूटूथचे हेडफोन या कामाला निरुपयोगी आहेत, कारण आवाज उशिरा पोचतो आणि बोलणारा अडखळायला लागतो.

१९ एप्रिल, शनिवार: खोली

हा सगळा आठवडा खोलीत गेला. आमची इमारत जुनी आहे. छत उंच, खाली मोझॅक टाइल, समोर काचेची कपाटं. टाळी वाजवली की तिच्यामागे लांबलेला टणत्कार ऐकू येतो. असा घुमलेला आवाज एकदा फाइलमध्ये गेला की कुठलंही फुकट सॉफ्टवेअर तो नीट काढू शकत नाही. जे करायचं ते बोलण्याआधीच.

मावसभाऊ अंड्यांचे रिकामे ट्रे घेऊन आला. भिंतीवर टेकवून रेकॉर्ड केलं, काढून परत केलं, डोळे मिटून दोन्ही ऐकलं. फरक सांगता आला नाही. मग ऑनलाइन मागवलेल्या इंचभर जाडीच्या फोमच्या चौकोनी पट्ट्या लावल्या, १,४०० रुपये. त्यांनी वरचा, काचेसारखा टणत्कार थोडा कमी झाला, पण पिंपात बोलल्यासारखा जो घुमारा आहे तो जागच्या जागी. पातळ फोम फक्त बारीक, उंच आवाज शोषतो. माणसाच्या आवाजातला जाडपणा अडवायला जाड आणि जड वस्तू लागते. हे १,४०० वाया गेले असंच धरा.

शेवटी उपयोगी पडल्या आजीच्या गोधड्या. आतल्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोन दांड्या खाली घेतल्या आणि त्यांवर दुहेरी गोधड्या सोडल्या, बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि डाव्या हाताला. समोर कपड्यांचं कपाट सताड उघडं, माइक त्याच्या तोंडाशी. कापसाची गादी भिंतीला उभी टेकवली. टाळी वाजवली तर आवाज जागीच थांबला. बोलणाऱ्याच्या पाठीमागे गोधडी असणं सर्वात महत्त्वाचं आहे, कारण माइक बोलणाऱ्याकडे तोंड करून असतो आणि त्याच्या मागून परत येणारा आवाज थेट घेतो. खर्च शून्य. पण मांडायला-काढायला दर वेळी पाऊण तास जातो, आणि गादी काढली की त्या रात्री घरातला एक माणूस कुठे झोपणार हेही आधी ठरवावं लागतं.

२० एप्रिल, रविवार: गुणगुण

खोली जमली आणि नवा त्रास समोर आला. सगळ्या रेकॉर्डिंगखाली एक सलग, खालच्या पट्टीतली गुणगुण. पंखा बंद, फ्रिज बंद, तरी आहेच. माइकची केबल बदलली, दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली, माइकच बिघडलाय म्हणून परत पाठवायची तयारीही केली. दिवस जवळजवळ त्यातच गेला.

कारण होतं लॅपटॉपचा चार्जर. दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, गुणगुण गायब. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणून ती गुणगुण ५० आणि १०० हर्ट्‌झच्या आसपास बसते. हे ठाऊक असेल तर ओळखायला वेळ लागत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर कळलं, त्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगची वायरच पोचलेली नाही. ती ओढून घेतली, मजुरी धरून १,१०० रुपये. हे काम पॉडकास्टसाठी नसतं तरी करायलाच हवं होतं. तरीही रेकॉर्डिंग आम्ही बॅटरीवरच करतो.

२६ एप्रिल, शनिवार: पहिले पाहुणे

मासुंदा तलावाजवळ लहानाचे मोठे झालेले एक काका आले. वय ७८, आवाज खणखणीत. त्यांच्याकडून कळलेल्या गोष्टी भागात येतीलच, इथे फक्त कामाचं लिहिते.

खोलीत एसी आधी अर्धा तास लावून ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू करताना बंद केला. एप्रिलअखेरच्या ठाण्यात पंखा-एसी बंद करून वीस मिनिटं बसता येतं, त्यानंतर पाहुण्याचा जीव कासावीस होतो. म्हणून वीस-वीस मिनिटांचे तुकडे आणि मधे कोकम सरबत. फ्रिजही बंद केला. तो परत सुरू करायचं लक्षात राहावं म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रक ही युक्ती वापरतात आणि ती खरोखर चालते.

तळ्यांवरच्या पॉडकास्टला एक खास अडचण आहे, ‘पाणी’ हा शब्द. प, फ, ब, भ उच्चारताना ओठांतून हवेचा झोत निघतो आणि माइकच्या पडद्यावर आपटून धप्प आवाज येतो. काका दर वाक्यात पाणी म्हणत होते. वर भाद्रपद, बांध, फाटक. फोमची टोपी माइकवर होतीच, ती भ आणि फपुढे पुरली नाही. पहिल्या तुकड्यानंतर थांबून भरतकामाची लाकडी रिंग काढली, तिच्यावर नायलॉनचा पातळ मोजा ताणून बसवला आणि माइकपुढे तीन बोटांवर उभी केली. साहित्य ९० रुपयांचं. शिवाय माइक थेट समोर न ठेवता तोंडाच्या उजव्या कोपऱ्याशी, तिरका ठेवला. झोत बाजूने निघून गेला. या दोन्हींत तिरक्या माइकाचा फायदा जास्त झाला.

दुसरी गोष्ट, माणूस आठवणीत रमला की मागे रेलतो आणि माइकपासून लांब जातो. “काका, जरा पुढे या” असं मधे म्हटलं की लय तुटते. पुढच्या वेळी पाठ नसलेलं स्टूल द्यायचं असं ठरवलं होतं, पण ७८ वर्षांच्या माणसाला तासभर स्टुलावर बसवणं मला पटेना. उपाय निघाला कॉलरला लावायच्या माइकचा, ८५० रुपये. वयस्क पाहुण्यांना तोच लावतो. माणूस कसाही हलला तरी अंतर बदलत नाही. आवाजाचा पोत थोडा पातळ येतो, तो चालवून घेतो. लावताना गळ्यातली साखळी आणि शर्टाच्या खिशातला चष्मा बाजूला ठेवायला सांगायचं, नाहीतर सगळी घासाघीस रेकॉर्ड होते.

४ मे, रविवार: संपादन

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट. काकांचं बोलणं तासाभराहून जास्त, त्यातून पंचवीस मिनिटं काढायची. सगळा गेला आठवडा ऑफिसातून आल्यावर रात्री तेच.

इथे वेळ कुठे जातो ते सांगते. पहिल्यांदा सगळं नुसतं ऐकायचं आणि कागदावर मिनिटं-सेकंद लिहून काय ठेवायचं ते ठरवायचं. मग मोठे तुकडे कापायचे. मग बारीक. बारीक कापण्यात मी ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय ते’ असं सगळं काढत सुटले आणि दहा मिनिटांची मुलाखत झाल्यावर मावसभावाला ऐकवली. तो म्हणाला, “ताई, काका असे बोलत नाहीत.” खरं होतं. काका एखादं नाव आठवताना थांबतात, जिभेने हलकं च् करतात आणि मग नाव घेतात. तो च् काढला की नाव नुसतं वाचून दाखवल्यासारखं येत होतं. सगळं पूर्ववत केलं. आता नियम एवढाच, अर्थ अडत असेल तरच कापायचं. ऐकणाऱ्याला श्वास ऐकू आला तर येऊ दे.

कापलेल्या दोन तुकड्यांच्या मधे निव्वळ शांतता ठेवली तर कानाला खड्डा जाणवतो. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी कोणी काही न बोलता मिनिटभर खोलीचा आवाज घ्यायचा आणि जोडांमधे तो भरायचा. काकांच्या वेळी तो घेतला नव्हता, त्यामुळे त्यांच्याच दोन वाक्यांमधल्या जागा शोधून शोधून वापराव्या लागल्या.

मागचा आवाज काढण्याची सोय ऑडॅसिटीत आहे. १२ डेसिबलवर लावली तर शब्दांच्या कडा धातूसारख्या वाजायला लागल्या. ६ वर थांबलो. त्याआधी ८० हर्ट्‌झच्या खालचं सगळं फिल्टरने कापलं, त्याने रस्त्यावरच्या बसगाड्यांची घरघर बरीच उतरली.

१० मे, शनिवार: तपासणी

काका बोलताना म्हणाले, पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती एकवीस किलोमीटर. १६ एप्रिल १८५३ची ही गाडी, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, हे सगळं त्यांनी अचूक सांगितलं. अंतर मात्र २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. त्यांच्या तोंडचा शब्द बदलता येत नाही आणि चूक तशीच जाऊ देणंही बरं नाही. ते वाक्य तसंच ठेवून लगेच पुढे माझ्या निवेदनात एक ओळ घातली. काकांना आधी फोन करून विचारलं. ते म्हणाले, “अगं, मैलच ते, सांग बिनधास्त.”

यातून एक पद्धत बसली. पाहुण्यांनी सांगितलेलं प्रत्येक साल, अंतर आणि नाव वेगळ्या कागदावर उतरवायचं आणि प्रकाशनाआधी तपासायचं. त्यासाठी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ साली सुरू झालेलं. १८८२ साली निघालेले ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे, म्हणजे सरकारी माहितीग्रंथाचे, खंड तर आता घरबसल्या स्कॅन प्रतीत वाचता येतात. एका भागामागे एक पूर्ण शनिवार यात जातो. मला हा वेळ कमी करावासा वाटत नाही. घरच्या आठवणींना एकदा ध्वनिमुद्रणाचं वजन आलं की पुढचे लोक त्यांनाच इतिहास म्हणून धरतील.

१७ मे, शनिवार: तळ्याचा आवाज

भागाच्या सुरुवातीला मासुंद्याच्या काठचा खरा आवाज हवा होता. मागे संध्याकाळी गेलो होतो, तेव्हा स्टेशनकडे जाणाऱ्या बसगाड्या, फेरीवाले, आइस्क्रीमच्या गाड्या आणि बाकांवरच्या गप्पा याशिवाय काही मिळालं नव्हतं. आज पहाटे पाचला गेलो.

वाऱ्याने पहिली बरीच मिनिटं खाल्ली. पाण्यावरून येणारा, अंगाला जेमतेम कळणारा वारा माइकमध्ये भडभड करतो. फोमच्या टोपीने तो थांबत नाही, केसाळ कापड लागतं. जांभळी नाक्याच्या बाजारातून आधीच आणलेला फरच्या कापडाचा तुकडा, ६० रुपये, मी घरी पिशवीसारखा शिवून घेतला होता. तो चढवला आणि भडभड गेली.

मग कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा वाजली. हेडफोनमधून ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा लक्षात आलं की ठोक्यानंतरचा नाद किती वेळ हलत राहतो, आधी जाड, मग बारीक होत जाणारा, आणि त्याच्या शेपटाशी एक कावळा. नाद संपायच्या आत मागे कुणी स्कूटर सुरू केली. दुसरी घंटा बऱ्याच वेळाने झाली आणि ती पूर्ण मिळाली, कावळ्याशिवाय. आम्ही कावळ्याची घेतली आणि स्कूटरच्या आधी आवाज हळू हळू मिटवला. साडेसहानंतर तिथे थांबण्यात अर्थ नाही, वाहनं सुरू होतात.

२७ मे, मंगळवार: पाऊस

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेकॉर्डिंगं उरकू असा हिशेब होता. पाऊस यंदा कालच, २६ मेला मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर कधी येत नाही. आमच्या आतल्या खोलीच्या खिडकीवर पत्र्याचं छत आहे. पत्र्यावरचा पाऊस कुठल्याही फिल्टरने निघत नाही, कारण तो सगळ्या पट्ट्यांमध्ये पसरलेला असतो आणि सारखा बदलतो. गोधड्यांनीही काही होत नाही. गोधडी खोलीतला घुमारा मारते, बाहेरचा आवाज ती अडवत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेरचा आवाज अडवणं म्हणजे खिडक्या आणि भिंतींचं बांधकाम, ते आपल्या आवाक्यातलं नाही.

पत्र्यावर जुनं पोतं आणि वर प्लास्टिक बांधून बघितलं. थेंबांचा टपटपाट दबला, धारांचा नाही. दोन पाहुण्यांच्या वेळा पुढे ढकलल्या.

७ जून, शनिवार: गाडीतला स्टुडिओ

उपाय मावसभावाने काढला. त्याच्या सोसायटीत तळघरात पार्किंग आहे. बंद मोटारगाडीत सीटची कापडी गादी, छताचं अस्तर, तिरक्या काचा, त्यामुळे आवाज घुमत नाही, आणि तळघरात पाऊस पोचत नाही. बाहेर घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम चालू असतानाही आत खालच्या पट्टीतली घरघर तेवढी येते, ती ८० हर्ट्‌झच्या फिल्टरने जवळजवळ जाते.

उपवन तलावाच्या बाजूला राहणाऱ्या एक मावशी आज मागच्या सीटवर बसून बोलल्या. आधी त्यांना अवघड वाटलं. गाडीत पाण्याची बाटली आणि बटाटेवडे ठेवले, काचा उघड्या ठेवून दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मग काचा लावल्या. पंधरा मिनिटांनी दार उघडून हवा घ्यायची, हा नियम काटेकोर पाळा. बंद गाडीत तीन माणसांना लवकर गुदमरतं आणि तळघरात इंजिन चालू ठेवून एसी लावणं धोक्याचं आहे, ते कधीही करू नका.

आवाज मात्र आमच्या सगळ्या रेकॉर्डिंगांत सर्वात स्वच्छ आला. त्रास एकच, पाण्याचा पंप. तळघरातच आहे आणि ठरावीक वेळी सुरू होतो. वॉचमनकाकांनी वेळा सांगितल्या, त्या सोडून बसतो.

१५ जून, रविवार: लांबचा पाहुणा

कचराळी तलावाजवळ पूर्वी राहणाऱ्या एक आजी आता पुण्याला मुलाकडे असतात. फोनवरचा आवाज रेकॉर्ड केला तर तो चेपलेला येतो, म्हणून दोन्हीकडे वेगवेगळं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. आम्ही व्हॉट्सॲप कॉलवर बोलायचं, आजींच्या नातवाने दुसऱ्या फोनवर आजींचा आवाज टिपायचा आणि फाइल पाठवायची.

पहिल्या खेपेला ज्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं त्यावरच कुणाचा कॉल आला आणि रेकॉर्डर थांबला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आजींनी सांगितलेली लग्नाच्या वरातीची सगळी हकिकत गेली. त्यांनी ती परत सांगितली, पण पहिल्या वेळचं हसू दुसऱ्या वेळी नव्हतं. याचं मला अजून वाईट वाटतं. रेकॉर्ड करणारा फोन विमान मोडवर टाकायचा आणि दर काही मिनिटांनी आकडा पुढे सरकतोय का ते बघायचं, हे आता पाहुण्याला पाठवायच्या सूचनांत पहिल्या ओळीत आहे. फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं.

दोन्ही फाइली जुळवण्यासाठी सुरुवातीला एक टाळी वाजवली होती. सुरुवात चपखल जुळली, पण पाऊण तासाच्या शेवटाकडे आजींचं उत्तर माझा प्रश्न संपायच्या आतच सुरू होऊ लागलं. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत, म्हणून हे होतं. फाइल ताणण्यापेक्षा प्रत्येक प्रश्नापाशी कापून तुकडा किंचित सरकवणं सोपं गेलं. आता टाळी शेवटीही वाजवतो, म्हणजे किती सरकलंय ते लगेच कळतं.

२२ जून, रविवार: संगीत

सुरुवातीला एखाद्या जुन्या नाट्यगीताचा तुकडा वाजवावा, असं दोघांच्याही मनात होतं. कायदा वाचला आणि बेत सोडला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी मुदतीबाहेर गेली तरी गीतकार-संगीतकाराचा हक्क जिवंत असू शकतो. ‘दहा सेकंद वाजवलं तर चालतं’ असं बरेच जण सांगतात, कायद्यात तशी सेकंदांची सूट नाही. शिवाय मोठ्या मंचांवर ओळखलेलं संगीत आपोआप अडतं आणि भाग उतरवला जाऊ शकतो.

शेजारच्या काकू पेटी वाजवतात. त्यांनी भूपात स्वतःची चार ओळींची धून बसवून दिली. राग कुणाच्या मालकीचा नसतो, धून त्यांची, आणि ती वापरायची परवानगी त्यांनी कागदावर सही करून दिली. काकूंना पैसे घ्यायचे नव्हते. पेटी ट्यून करून दिली असती, पण तेही त्यांनी नको म्हटलं.

१ जुलै, मंगळवार: पहिला भाग, लोकलमध्ये

परवा पहिला भाग प्रसिद्ध केला. साठवण आणि वितरण स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सवर, म्हणजे पूर्वीचं अँकर, फुकट. तिथून मिळणारा फीडचा (आपोआप अद्ययावत होणाऱ्या भागांच्या यादीचा) पत्ता ॲपल पॉडकास्टला दिला. मुखचित्र चौकोनी लागतं, ॲपलची अट १,४०० ते ३,००० पिक्सेल. आम्ही आधी तलावाचा देखणा फोटो आणि वर बारीक नाव टाकलं होतं. फोनच्या यादीत ते नखाएवढं दिसतं, नाव वाचताच येईना. मग सपाट निळा रंग आणि मोठी देवनागरी अक्षरं. फीडमध्ये आपला ईमेल उघड दिसू शकतो, म्हणून वेगळा ईमेल काढला.

आज ऑफिसला जाताना लोकलमध्ये स्वतःच ऐकला. मुलुंडपर्यंत मला काकांचं एकही पूर्ण वाक्य कळलं नाही. फोनचा आवाज पूर्ण वर होता. घरी हेडफोनवर जे छान वाटतं ते दुसऱ्या वर्गाच्या डब्यात चालत नाही, आणि आपला श्रोता तर डब्यात किंवा रिक्षातच असतो.

संध्याकाळी मोजून पाहिलं तर फाइल फार हळू होती. ॲपलची शिफारस -१६ एलयूएफएस (आवाज कानाला सरासरी किती मोठा लागतो ते मोजायचं एकक), एक डेसिबल इकडे तिकडे, आणि आवाजाचं सर्वात वरचं टोक -१ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही. मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा नसलेल्या, फाइलला -१९ धरतात, कानाला तेवढंच लागतं. नुसतं सगळं वर चढवलं तर काकांचं मोठ्याने हसणं फाटलं, म्हणून आधी कॉम्प्रेसर लावून मोठे-लहान आवाज जवळ आणले आणि मग ऑडॅसिटीतल्या लाउडनेस नॉर्मलायझेशनने आकडा बसवला. फाइल बदलली. मोनो, ९६ केबीपीएस, पंचवीस मिनिटांना साधारण १८ एमबी, म्हणजे ज्यांचा डेटा मोजका आहे त्यांनाही परवडेल. तेव्हापासून प्रत्येक भाग आधी लोकलमध्ये ऐकायचा आणि मगच प्रसिद्ध करायचा.

१२ जुलै, शनिवार: काढून टाका

एका पाहुण्यांच्या घरून फोन आला. भागात तलावाकाठच्या त्यांच्या जुन्या घराचा विषय आहे आणि भावकीत त्या जागेचा वाद चालू आहे. पाहुण्यांची हरकत नव्हती, मुलाची होती. दोन मिनिटांचा तो तुकडा काढला, निवेदन नव्याने रेकॉर्ड केलं, फाइल बदलली. ज्यांनी आधी उतरवून घेतलाय त्यांच्या फोनमध्ये जुना राहतोच, हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

पाहुण्यांची संमती आम्ही आधीच कागदावर घेत होतो. त्यात आता भर, संपादित भाग प्रसिद्धीच्या आठवडाभर आधी पाहुण्यांना पाठवायचा आणि घरच्यांसोबत ऐकायला सांगायचं. वेळापत्रक लांबतं, लांबू दे. माणसं आपल्या घरातलं बोलून जातात ते आपल्यावर विश्वास ठेवून.

२ ऑगस्ट, शनिवार: ढोल आणि हिशेब

ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालाय. रोज संध्याकाळी, आमच्या खिडकीतून सरळ आत. तळघरातल्या गाडीतही ढोल पोचतो, कारण खालच्या पट्टीतला आवाज भिंती ओलांडतो. सरावाला माझी हरकत नाही, मीही एके काळी ताशा वाजवलाय. रेकॉर्डिंग सकाळवर नेलं. १६ ऑगस्टला दहीहंडी, नंतर गणपती, म्हणजे तोपर्यंत फक्त संपादन.

आतापर्यंतचा खर्च: माइक ६,२००, स्टँड ५५०, हेडफोन १,९००, फोम १,४००, अर्थिंग १,१००, रिंग आणि मोजा ९०, कॉलर माइक ८५०, फर ६०. एकूण १२,१५० रुपये. यातून फोम वगळा आणि अर्थिंग घरात धरा, तर सुरुवात दहा हजारांच्या आत होते. रिक्षा, चहा, वडे, पाहुण्यांसाठी नारळ-पेढे यांचे तीनेक हजार वेगळे, आणि ते दर भागाला वाढत राहणार.

वेळेचं म्हणाल तर पंचवीस मिनिटांच्या पहिल्या भागामागे तीसेक तास गेले असतील. आता पंधरा-सोळात होतो. त्यातलं रेकॉर्डिंग जेमतेम दोन तास, तपासणीला एक दिवस, उरलेलं सगळं संपादन. त्यामुळे आठवड्याला एक भाग हे नोकरी करणाऱ्या दोन माणसांना झेपणारं नाही. महिन्याला एक ठरवला. ऐकणारे अजून शेकड्यातही नाहीत. पण परवा एका काकूंनी सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांनी भाग ऐकून मासुंद्यात गणपती विसर्जन व्हायचं त्याबद्दल घरात पहिल्यांदाच तासभर सांगितलं. आता महापालिका त्यासाठी कृत्रिम तलाव बांधते, त्यामुळे नातवंडांना ते माहीतच नव्हतं. सासऱ्यांची वेळ घेतली आहे.

२४ ऑगस्ट, रविवार: साठवण

कच्च्या फाइली टाकून द्यायच्या नाहीत, यावर दोघांचं एकमत आहे. प्रसिद्ध केलेल्या पंचवीस मिनिटांपेक्षा न वापरलेली चाळीस मिनिटं त्या कुटुंबाला जास्त मोलाची असू शकतात. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ मोनो डब्ल्यूएव्ही (न दाबलेली) फाइल तासाला ३०० एमबीच्या थोडी वर जाते. सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे आणि एक मावसभावाकडे, दोन्ही घरात आधीच होत्या. फाइलीच्या नावात तारीख, तलाव आणि पाहुण्यांचं आडनाव. सुरुवातीच्या फाइलींची नावं ‘नवीन १’, ‘नवीन फायनल’ अशी होती, त्या ऐकून ऐकून ओळखण्यात आजची दुपार गेली.

प्रत्येक पाहुण्याच्या घरी संपूर्ण, न कापलेलं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर द्यायचं ठरवलं. एकाला ३५० रुपये, पाच घेतले, १,७५०. डब्ल्यूएव्हीसोबत एमपी३ प्रतही टाकली, कारण घरातल्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की एमपी३ हमखास वाजते आणि बऱ्याच आजी-आजोबांना फोनपेक्षा टीव्हीवर ऐकणं सोपं जातं. पुण्याच्या आजींचा कुरियरने जाईल, बाकीचे गणपतीत घरोघरी जाऊ तेव्हा हातात देऊ.